कितीही रोपं लावली तरी तांबटाचा हिशोब का जुळत नाही?

दर उन्हाळ्यात मुंबईच्या रस्त्यांवर दोन आवाज एकाच वेळी ऐकू येतात. खाली पावसाळ्याआधीच्या छाटणीची करवत आणि वर शेंड्यावर तांबटाचं 'टुक्, टुक्, टुक्'. करवतीची बातमी होते. किती झाडं गेली, किती फांद्या उतरवल्या, बदल्यात किती रोपं लागणार, हे आकडे छापून येतात आणि त्यावर भांडणंही होतात. मेट्रो असो, पूल असो की जुन्या चाळीचा पुनर्विकास, शेवटी सगळे एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: गेलेल्या झाडांपेक्षा लावलेली झाडं जास्त आहेत ना? मग झालं.

वर बसलेल्या पक्ष्याला हा हिशोब लागू पडत नाही. मुंबईचा शहरपक्षी म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं त्या तांबटाला जगायला दोन गोष्टी लागतात, आणि त्या दोन्ही रोपात नसतात. त्या कोणत्या, हे समजून घ्यायचं तर आधी तांबटाचं घराणं पाहावं लागेल.

आवाज ओळखीचा, पक्षी अनोळखी

तांबटाचा आवाज मुंबईत बहुतेकांनी ऐकलेला असतो. तांब्याच्या हंड्यावर कारागिराने एका लयीत हातोडी मारावी, तसे मिनिटाला शंभराहून जास्त ठोके, आणि तेही न थकता. पण पक्षी पाहिलेले लोक त्या मानाने थोडे. त्याला कारणं आहेत. एक तर तो चिमणीपेक्षा फार मोठा नाही, पंधरा ते सतरा सेंटिमीटर लांब. अंग हिरवं, त्यामुळे पानांत बसला की दिसेनासा होतो. आणि ओरडताना तो डोकं इकडून तिकडे वळवत राहतो, त्यामुळे आवाज आत्ता डावीकडून आला असं वाटतं, तर पुढच्या क्षणी उजवीकडून.

सकाळी कोवळ्या उन्हात मात्र तो निष्पर्ण फांदीच्या टोकाला येऊन बसतो. तेव्हा दुर्बीण लावली तर बघतच राहावं असा पक्षी आहे. कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती आणि गळ्याला पिवळा रंग, छातीवर पुन्हा लाल पट्टा, पोटावर हिरव्या रेघा, पाय तांबूस. ओरडताना त्याची चोच बंद असते. प्रत्येक ठोक्याबरोबर गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी फुगते आणि बसते. नर-मादी दिसायला सारखेच. पिल्लांना लाल रंग नसतो, तो पुढे येतो.

थंडीत तो बराचसा गप्प असतो आणि ऊन तापू लागलं की बोलू लागतो. भर दुपारी, बाकी पक्षी सावलीला गेलेले असताना, त्याचे ठोके चालूच असतात.

घराणं केवढं, आणि राहतं कुठे?

एका पूर्वजापासून निघालेल्या जवळच्या जातींच्या गटाला जीवशास्त्रात 'कुळ' म्हणतात. तांबटाच्या कुळात पस्तिसेक जाती आहेत आणि त्या सगळ्या आशियात राहतात. पश्चिमेला पाकिस्तान आणि हिमालयाचा पायथा, तिथून भारत, श्रीलंका, म्यानमार, थायलंड करत पूर्वेला इंडोनेशिया आणि फिलिपिन्सपर्यंत. सर्वात जास्त जाती मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या सदाहरित पावसाळी जंगलांत आहेत.

यातल्या बहुतेकांचं रूप एकाच साच्यातलं. धड हिरवं, मान आखूड, डोकं अंगाच्या मानाने मोठं, चोच जाड आणि तिच्या मुळाशी राठ केसांसारखी पिसं. पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे, म्हणजे खोडाला धरून चढता यावं अशी. फरक दिसतो तो डोक्यावर आणि गळ्यावर. कुणाचा गळा निळा, कुणाचं कपाळ शेंदरी, कुणाचे गाल पांढरे. हिमालयातला सर्वात मोठा तांबट साळुंकीपेक्षाही बराच मोठा असतो.

आपल्याकडे सह्याद्रीत याच कुळातले कुटुर्गे आहेत. पावसाळ्याआधी जंगलात शिरलं की 'कुटुर्र, कुटुर्र' असा आवाज दरी भरून येतो, तो यांचा. तपकिरी डोक्याचा मोठा कुटुर्गा बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही ऐकू येतो. पांढऱ्या गालांचा कुटुर्गा तर फक्त पश्चिम घाटात आणि आसपासच्या डोंगरांत सापडतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. गोव्याच्या आसपासपासून दक्षिणेकडे लाल तोंडाचा आणखी एक तांबट भेटतो, तोही पश्चिम घाटाबाहेर मिळत नाही.

थोडक्यात, हे सगळं घराणं जंगलातलं आहे. आपला छोटा तांबट शहरात टिकला याचं कारण त्याचं लहान अंग. त्याला लहान फळं पुरतात, घरासाठी बारीक फांदी चालते, आणि विरळ झाडीतही तो निभावून नेतो. कुटुर्ग्याला त्याहून जाड लाकूड आणि दाट झाडी हवी असते, म्हणून तो उद्यानाच्या कुंपणापलीकडे फारसा येत नाही.

टूकन तांबटाचा कोण लागतो?

हा भाग छाटणीच्या वादाशी थेट जोडलेला नाही, पण मला तो फार आवडतो, म्हणून सांगतो.

तांबटासारखे दिसणारे पक्षी आफ्रिकेत आहेत आणि दक्षिण अमेरिकेतही आहेत. जाड चोच, भडक रंग, फळांची आवड आणि झाडात ढोली कोरायची सवय, सगळं तेच. त्यामुळे पक्षिशास्त्रज्ञांनी पूर्वी तिन्ही खंडांतले हे पक्षी एकाच कुळात घातले होते. टूकन, म्हणजे ती हातभर रंगीत चोचीची अमेरिकन मंडळी, त्यांचं कुळ वेगळं मानत.

पुढे डीएनए तपासायची सोय झाली आणि ही मांडणी कोलमडली. दक्षिण अमेरिकेतले तांबट आशियातल्या तांबटांपेक्षा टूकनला जास्त जवळचे निघाले. म्हणजे टूकनना बाहेर ठेवून बाकीच्यांना एक कुटुंब म्हणणं चूक होतं. सख्ख्या भावाला वगळून लांबच्या चुलत भावंडांना एका रेशनकार्डावर घ्यावं, तसं ते झालं होतं. दोनच मार्ग होते. टूकननाही तांबटांत घ्यायचं, नाहीतर तांबटांची फोड करायची. बहुतेकांनी दुसरा मार्ग धरला. आता आशियाचं कुळ वेगळं, आफ्रिकेचं वेगळं, अमेरिकेचं वेगळं आणि टूकनचंही वेगळं.

या सगळ्यांचा आणखी एक नातेवाईक आपल्या ओळखीचा आहे: सुतार पक्षी. दोन बोटं पुढे, दोन मागे ही पायाची ठेवण आणि झाडाच्या ढोलीत राहायची रीत या गोतावळ्यात सर्रास दिसते. यातली ढोलीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचंच काम आहे.

पहिली गरज: वर्षभर पिकलेलं फळ

तांबट किडेही खातो. पहिल्या पावसात उडणाऱ्या वाळवीच्या पाखरांवर तो तुटून पडतो, पिल्लांनाही किडे भरवतो. पण त्याचं मुख्य अन्न फळ. फळात पाणी जास्त आणि सत्त्व कमी, म्हणून पोट भरायला ते भरपूर खावं लागतं. तांबट दिवसाला स्वतःच्या वजनापेक्षा जास्त फळं खातो. असा पक्षी दोन दिवस उपाशी राहू शकत नाही.

आता प्रश्न असा की मुंबईत वर्षाचे बाराही महिने पिकलेलं फळ कुठलं? आंबा, जांभूळ, करवंद हे सगळे उन्हाळ्याचे पाहुणे, आले आणि गेले. बाराही महिने हाताशी असणारी झाडं एकाच वंशातली आहेत: वड, पिंपळ, उंबर, नांदरुक. अंजीरही याच वंशातलं. ही झाडं वर्षभर पुरतात, याला एक कारण आहे. ते कळलं की एक वड तोडल्याने नेमकं काय जातं तेही कळतं.

उंबराच्या आत काय चालतं

उंबर फोडला की आतून केंबरं उडतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. त्यातली काही केंबरं म्हणजे सूक्ष्म गांधीलमाश्या असतात, दोन-तीन मिलिमीटरच्या. त्या तिथे चुकून आलेल्या नसतात. त्यांच्याशिवाय उंबराला बी धरत नाही.

आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो ती खरं तर एक बंद पिशवी असते आणि तिच्या आतल्या भिंतीला शेकडो बारीक फुलं असतात. उंबराला फूल दिसत नाही ते म्हणून. पिशवीच्या टोकाला एक अरुंद भोक असतं. अंगावर पराग घेतलेली मादी माशी त्यातून आत घुसते. वाट इतकी चिंचोळी की बहुधा तिचे पंख तिथेच तुटतात. आत ती फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे नव्या माश्या जन्मतात. बिनपंखी नर मादीशी जोडा जुळवतात आणि बाहेर पडायला भोक पाडतात. माद्या आतले पराग अंगावर घेऊन उडतात. त्यानंतर ती पिशवी पिकते, गोड होते, आणि मग पक्षी येतात.

आता वेळेचं गणित बघा. बाहेर पडलेली मादी एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला त्याच जातीचं दुसरं झाड सापडायला हवं, आणि त्या झाडाच्या पिशव्या नेमक्या आत शिरण्याजोग्या हव्यात. वडाची माशी वडाची, पिंपळाची माशी पिंपळाची, साधारणपणे अदलाबदल चालत नाही. सगळे वड एकाच महिन्यात फळले असते तर उरलेल्या अकरा महिन्यांत माशीला जागाच मिळाली नसती. माशी संपली असती, आणि तिच्यामागून वडही. म्हणून या झाडांत एक रीत बसली आहे. एका झाडावरची फळं बहुधा एकदमच पिकतात, पण शेजारच्या झाडाची वेळ वेगळी असते. आज पारावरचा पिंपळ लगडलेला, पंधरा दिवसांनी तलावाकाठचा, महिन्याने शाळेमागचा.

ही सोय माशीसाठी झाली, पण तिच्यावर तांबट, कोकीळ, साळुंकी, धनेश आणि वटवाघळं असे सगळे जगतात. अट एकच, उडत जाता येईल एवढ्या टापूत अशी पुरेशी झाडं हवीत. विभागात वीस जुने वड-पिंपळ असतील तर बहुतेक आठवड्यांना कुठलं ना कुठलं पिकलेलं असतं. त्यातले आठ गेले तर कॅलेंडरमध्ये रिकामे आठवडे पडतात. माणसांच्या नजरेला विभाग तेव्हाही हिरवाच दिसतो. गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री, सोसायटीच्या फाटकाशी रांगेत उभे पाम, सगळं जागच्या जागी असतं. पण गुलमोहराच्या शेंगेत तांबटाला खाण्यासारखं काही नाही.

मुंबईत जुने वड-पिंपळ टिकले, त्याचं मोठं श्रेय मी श्रद्धेला देतो. दत्ताचा उंबर, मारुतीच्या देवळाचा पिंपळ, वटपौर्णिमेचा वड, यांना हात लावायला माणूस कचरतो. (वटपौर्णिमेला बाजारात विकायला येणाऱ्या तोडलेल्या फांद्यांचं मला वाईट वाटतं. ज्याची पूजा करायची त्याचेच हात तोडून आणायचे, हे सोडता येण्यासारखं आहे.)

तांबट झाडाला काय परत देतो?

फळ खाऊन बी चावून टाकणारे पक्षीही आहेत. आपला राज्यपक्षी हरियल वडा-पिंपळावरच पोसतो, पण त्याच्या वंशातल्या कबुतरांच्या पोटातला दळणारा भाग इतका दणकट असतो की बऱ्याच बियांचं पीठ होतं. तांबटाचं तसं नाही. त्याच्या पोटातून वडा-पिंपळाच्या बारीक बिया धडधाकट बाहेर पडतात, आणि तो जिथे जाऊन बसेल तिथे पडतात.

जुन्या इमारतीच्या पागोळीत किंवा ताडाच्या बेचक्यात पिंपळ उगवतो तो असा. तांबट एकटाच हे करतो असं नाही, कावळे, साळुंक्या, वटवाघळंही बिया नेतात. पण घनदाट जंगलात तांबट-कुटुर्ग्यांचं हे काम फार मोलाचं असतं, कारण तिथे वाऱ्यावर बी पाठवणारी झाडं थोडी आणि फळ देऊन बी पाठवणारी जास्त.

दुसरी गरज: वठलेली फांदी

तांबट काड्यांचं घरटं बांधत नाही. तो ढोली कोरतो, आणि इथे त्याची सुताराशी तुलना करावी लागते. सुताराची चोच छिन्नीसारखी आणि शेपटीची पिसं ताठ. शेपटीचा टेकू लावून तो जिवंत, कठीण लाकडातही भोक पाडू शकतो. तांबटाची चोच जाड असली तरी ती फळासाठी घडलेली. कठीण लाकूड तिला झेपत नाही. त्याला बुरशीने आतून भुसभुशीत झालेलं लाकूड लागतं, म्हणजे मेलेली किंवा मरत आलेली फांदी.

नर-मादी मिळून फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक पाडतात, जेमतेम अंग आत शिरेल एवढं. खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत जात नाही. खाली लाकडाचा ताजा भुसा पडलेला दिसला की वर काम चाललंय हे समजावं. गुलमोहर, शेवगा, पांगारा अशा मऊ लाकडाच्या झाडांच्या वाळक्या फांद्या त्याला आवडतात. म्हणजे गुलमोहर त्याला खायला देत नसला तरी म्हातारा झाल्यावर घर देतो. तेव्हा परदेशी झाड म्हणजे निरुपयोगी, असा सरसकट निकाल देणंही बरोबर नाही.

बहुतेक पक्षी पिल्लं उडाली की घरटं सोडतात. तांबट वर्षभर रात्री ढोलीत झोपतो. त्यामुळे वठलेली फांदी ही त्याची विणीपुरती गरज नाही, रोजच्या निवाऱ्याची आहे. आणि जुनी ढोली सोडून त्याने नवी कोरली की त्या रिकाम्या जागेत दुसरे येतात. दयाळासारख्या पक्ष्यांना ढोली हवी असते, पण कोरता येत नाही. त्यांच्यासाठी घर बांधणारा तांबट किंवा सुतारच असतो.

विणीचा मुख्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल. छाटणीचा मोसमही तोच, आणि छाटणीत सर्वात आधी उतरते ती वाळकी फांदी.

'पण तोडलेल्याच्या कितीतरी पट झाडं लावतात की!'

महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. त्यानुसार झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि बदल्यात झाडं लावावी लागतात. 2021 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि असं झाड तोडायची वेळ आलीच तर त्याचं वय जितकी वर्षं तितकी झाडं लावायची असं ठरलं. ही दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते, कारण झाडाच्या वयालाही किंमत असते हे कायद्याने प्रथमच मान्य केलं.

तरी तांबटाच्या बाजूने पाहा. ऐंशी वर्षांचा वड गेला आणि ऐंशी रोपं लागली. त्या ऐंशीतल्या एकाही रोपावर यंदा फळ नाही, पुढची कित्येक वर्षं नाही. वठलेली जाड फांदी मिळायची तर आधी ती फांदी जाड व्हायला हवी, मग म्हातारी व्हायला हवी, मग बुरशीने पोखरायला हवी. रोपांची संख्या वाढवून यातलं एकही वर्ष कमी होत नाही. दरम्यान तांबटाच्या किती पिढ्या होऊन जातील, त्या कुठे झोपतील?

शिवाय ही रोपं बहुधा तोडलेल्या जागी लागत नाहीत. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली, तेव्हा बदल्यातली झाडं दुसरीकडे लावल्याचं सांगितलं गेलं होतं. कार्बनचा हिशोब दुसऱ्या जागी कदाचित जुळेलही. पण फळांचं कॅलेंडर आणि झोपायची जागा ही त्या त्या वस्तीची असते.

झाडं लावू नयेत असा याचा अर्थ नाही, लावायलाच हवीत, आणि त्यात वड, पिंपळ, उंबर हवेत. फक्त ती झाडं पुढच्या पिढ्यांसाठी आहेत, आज उभ्या असलेल्या झाडाची जागा ती आज घेऊ शकत नाहीत, एवढं मान्य करावं.

'मियावाकी जंगलं आहेत ना आता?'

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत स्थानिक झाडं दाटीने लावतात, त्यामुळे ती उजेडासाठी भराभर उंच होतात. मुंबई महापालिकेनेही अशी छोटी जंगलं लावली आहेत. ओसाड भूखंडापेक्षा ती कधीही चांगली. पण दाटीत वाढलेली खोडं काठीसारखी सरळ आणि सडपातळ होतात, आडवी पसरलेली जाड फांदी त्यांना धरत नाही. तांबटाला हवी ती नेमकी आडवी फांदी. आणि वडाला पसरायला लागते तेवढी जागा या पद्धतीत बसतच नाही.

'वाळकी फांदी डोक्यावर पडली तर?'

हा आक्षेप सर्वात खरा आहे. मुंबईत पावसाळ्यात झाडं आणि फांद्या पडून माणसं दगावतात. बसथांब्यावर किंवा शाळेच्या फाटकावर झुकलेली वाळकी फांदी उतरवलीच पाहिजे, त्यात पक्ष्यांचं कारण पुढे करू नये.

पण सगळ्या वाळक्या फांद्या रस्त्यावर नसतात. राणीच्या बागेत, शिवाजी पार्कच्या कडेला, कॉलेजांच्या आणि रुग्णालयांच्या आवारात, रेल्वेच्या वसाहतींत, जुन्या सोसायट्यांच्या मागच्या अंगणात अशी कितीतरी झाडं आहेत, ज्यांच्याखाली कुणी उभंही राहत नाही. तिथल्या फांद्याही 'दिसायला बऱ्या नाहीत' म्हणून उतरवल्या जातात. हे टाळता येतं. जिथे धोका आहे तिथेही अख्खी फांदी मुळापासून न काढता टोकाकडचं वजन कमी करून बुंध्याकडचा आखूड दांडा ठेवता येतो. दांडा आखूड असला की वाऱ्याला तो सापडत नाही, आणि तांबटाला तेवढा पुरतो. कुठला दांडा ठेवावा आणि कुठला नाही, हे झाडाची तपासणी करणाऱ्या जाणकाराने ठरवावं, अंदाजाने नको.

'पिंपळ इमारत फोडतो, त्याचं काय?'

फोडतो. भिंतीतला पिंपळ लहान असतानाच काढावा, मूळ आत गेलं की दुरुस्ती महाग पडते. पण काढलेलं रोप फेकून देऊ नये. ते चांगलं जगतं. डब्यात लावून वाढवलं आणि मैदानाच्या, तलावाच्या किंवा स्मशानभूमीच्या मोकळ्या जागेत परवानगीने लावलं, तर तांबटाने पेरलेलं बी योग्य जागी पोचतं.

'आमच्या खिडकीत तर तो रोज ओरडतो!'

ओरडू दे, आनंदच आहे. तांबट नामशेष व्हायला आलेला पक्षी नाही. आंतरराष्ट्रीय यादीतही त्याला धोक्यातला म्हणत नाहीत. त्याचा टापू पाकिस्तानपासून फिलिपिन्सपर्यंत आहे. मुंबईतून तो गेला तरी जगातून जाणार नाही.

पण रोजचा आवाज म्हणजे सगळं ठीक आहे, असंही समजू नये. एक नर तासन्‌तास ओरडतो, आणि तो आवाज लांबवर जातो. त्यामुळे एक पक्षीसुद्धा अख्ख्या गल्लीला ऐकू येतो. शिवाय नराची हाक मादीसाठी आणि हद्दीसाठी असते, जोडी जुळली नाही तर ती थांबायचं कारणच नाही. विभागात किती तांबट आहेत हे आवाजावरून कळत नाही. ते कळतं ढोल्यांवरून: यंदा किती नव्या कोरल्या, आणि त्यातल्या कितींतून पिल्लं उडाली. हे मोजायला सोसायटीतली शाळकरी मुलंही पुरेशी आहेत, फक्त सकाळी मान वर करून बघावं लागतं.

छाटणीची नोटीस लागली तर

मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हा प्रसंग दर वर्षी येतो, म्हणून तपशीलात सांगतो.

नोटीस लागल्यावर वाळक्या फांद्या खालून नीट पाहाव्यात. खालच्या अंगाला गोल, कडा स्वच्छ असलेलं भोक आणि जमिनीवर भुसा दिसला तर सकाळी थोडा वेळ लांब उभं राहून पाहावं. पक्षी फळ घेऊन आत जात असेल, किंवा भोकातून छोटं डोकं बाहेर येत असेल, तर आत पिल्लं आहेत. फोटो काढावा आणि विभाग कार्यालयाच्या उद्यान खात्याकडे लेखी अर्ज द्यावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित पक्ष्याची अंडी फोडणं किंवा घरट्याला त्रास देणं हे 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच येतं, हे अर्जात जरूर लिहावं. करवत चालवणारे कामगार बहुधा समजूतदार असतात. ढोलीत पिल्लं आहेत हे दाखवलं तर त्यांनाही ती फांदी कापवत नाही. अडचण असते ती ठेक्याच्या तारखेची.

म्हणून अर्जात तारीखच मागावी. अंडी घालण्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण दोन महिने धरले, तर फेब्रुवारीत किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात भरलेली ढोली मेच्या मध्यापर्यंत रिकामी होते. पाऊस जूनमध्ये येतो. मधल्या पंधरवड्यात फांदी उतरवता येते, आणि तेव्हाही बुंध्याकडचा हातभर दांडा ठेवावा असं माळ्याला आधीच सांगून ठेवावं, कारण त्या दांड्यात नवी ढोली कोरायला तांबट पुढच्या उन्हाळ्यात परत येऊ शकतो.